बुधवारचं चहाघर

काकू,

प्रसादचा फोन आला तेव्हा मी वॉशरमधले ओले कपडे ड्रायरमध्ये टाकत होते. सकाळची वेळ. फोनच्या छोट्या स्क्रीनवर त्याचं नाव दिसलं आणि उचलायच्या आधीच मला कळलं. आपल्या दोन घरांमध्ये एकच भिंत, पण तुम्ही कराडला परत गेल्यापासून तुमचा मुलगा माझ्याशी बोलत नव्हता. पार्किंगमध्ये समोरासमोर आलो की तो खिशात किल्ल्या शोधायला लागायचा. त्याने मला फोन करावा असं एकच कारण उरलं होतं.

"अनुजा, आई गेली," तो म्हणाला. "दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही. मी निघतोय."

एवढंच. मागून मृणाल मुलांना शाळेच्या बससाठी हाका मारत होती. मी "बरं" म्हटलं. मग ड्रायर सुरू केला आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसून राहिले.

तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचाय. इथल्या बायका भेटल्या की म्हणतात, पुण्यवान होत्या, झोपेत गेल्या, कोणाला त्रास नाही. मी मान हलवते. खरं सांगू का, मला तुमचा राग आलाय. आणि तो कोणाजवळ काढावा ते कळत नाही, कारण तुमच्याबद्दलची तक्रार मी आजवर फक्त तुमच्याजवळच केलीय.

तुमचा चेहरा बघायच्या आधी मी तुमचा आवाज ओळखत होते. हर्नडनच्या त्या टाउनहाउसांच्या रांगेत दिवसभर इतकी शांतता असायची की फ्रिज बंद झालेलासुद्धा ऐकू यायचा. समीर ऑफिसला गेला की मी आणि ती शांतता. नागपूरला मी इंजिनिअर म्हणून नोकरी करत होते. इथे माझ्या व्हिसावर लिहिलं होतं की मी समीरची बायको आहे आणि मला काम करायची परवानगी नाही. मी घर आवरायची, मग आवरलेलं घर पुन्हा आवरायची. अशात एक दिवस भिंतीपलीकडून खणखणीत मराठी ऐकू आलं, आणि पाठोपाठ प्रसादचा दबका आवाज, "आई, हळू!"

पुढे रोजच ऐकू यायचं. तुमचा आवाज, मग "आई, हळू". नातवंडांचं तर "आज्जी, वी कॅन हिअर यू!"

तुम्ही कराडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभा जन्म नोकरी केलेली. खराब लाइनवर मुंबई-कोल्हापूर जोडून देणारा तो आवाज. तो घरातल्या घरात वापरायचा कसा हे तुम्हाला कधी जमलंच नाही. पत्रपेट्यांपाशी पहिल्यांदा गाठलंत तेव्हा लांबूनच म्हणालात, "तू ती शेजारची ना? तुझ्या घरातून दिवसभर कसलाच आवाज येत नाही. म्हटलं, पोरगी जिवंत आहे की नाही बघावं."

मी हसले आणि हसता हसता माझे डोळे भरून आले. ते तुम्ही बघितलंत आणि त्यावर काही बोलला नाहीत. तुम्हाला गप्प बसताही येत होतं, हे लोकांना माहीत नाही.

समीर बुधवारी ऑफिसातल्या मित्राबरोबर जायचा, त्यामुळे बुधवारी गाडी माझ्याकडे. लायसन्स नवं, हायवेची भीती. पहिल्या बुधवारी आपण कढीपत्ता आणायला इंडियन ग्रोसरीत निघालो आणि एक वळण चुकलं. इंटरनेटवरून छापून आणलेला रस्ता तुमच्या हातात होता आणि तुम्ही तो उलटा धरला होतात. अर्धा तास भटकल्यावर तुम्ही जाहीर केलंत, "अनू, आता कुठेही थांब. मला जायचंय." मी दिसेल त्या प्लाझात गाडी घातली. लाल खांबांचं एक दार होतं, वर चिनी अक्षरं. तुम्ही सरळ आत.

मी गाडी लावून आले तर तुम्ही परत येऊन दारातच उभ्या. आत मोठमोठी गोल टेबलं, त्यांच्यामधून ढकलगाड्या फिरतायत, गाड्यांवर बांबूच्या टोपल्यांची चळत, झाकण उघडलं की वाफेचा लोट. गाड्या ढकलणाऱ्या बायका पदार्थांची नावं ओरडतायत, टेबलावरचे म्हातारे एकमेकांवर ओरडतायत, कपबश्यांचा खणखणाट. तुमचा चेहरा असा उजळलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

"अनू," तुम्ही भर दरवाजात म्हणालात, "इथे सगळे ओरडून बोलतात गं!"

आणि एकानेही वळून पाहिलं नाही.

आपल्याला एका टेबलाच्या कडेला बसवलं. तिथे आधीच एक म्हातारी बसली होती, आखूड पांढरे केस, विणलेला निळा स्वेटर. अशा जागी अनोळखी माणसांनी एका टेबलावर बसायची पद्धत असते हे आपल्याला कुठे ठाऊक. मी प्रत्येक गाडीवालीला विचारत होते, "नो मीट? नो मीट?" एकीने मान हलवून चौकोनी भाजलेल्या वड्या पुढे ठेवल्या. मुळ्याच्या आहेत म्हणाली. तुम्ही एक उचलणार, तेवढ्यात त्या म्हातारीने तुमच्यासमोरची बशी ओढून घेतली.

"अगं, ही बाई माझ्या पुढ्यातलं पळवतेय!"

म्हातारीने जेवायच्या काडीच्या टोकाने वडी फोडली, आतून एक इवलासा गुलाबी तुकडा बाहेर काढला आणि तुमच्या डोळ्यांसमोर धरला. सुकट. मग ती गाडीवालीवर जी काही बरसली! पाच मिनिटांत आपल्यापुढे पांढरे वाफाळते बन आले, आत लाल गोड पुरण. टोफूच्या सालीत गुंडाळलेल्या भाज्या आल्या, तिळात घोळवून तळलेले गोळे आले. बनचा पहिला घास घेऊन तुम्ही डोळे मिटलेत. "राजम्यासारखं काहीतरी आहे. पण पुरण ते पुरण."

चहाचं मात्र तुम्हाला पटलं नाही. दूध नाही, साखर नाही, आलं नाही. "हे काय, चूळ भरायला दिलंय का?" असं म्हणतच तुम्ही तीन पेले प्यायलात.

ती म्हातारी म्हणजे ली. तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवून सांगितलं, तुम्ही तुमच्या छातीवर बोट ठेवून "सुलभा" म्हणालात, आणि तिथल्या तिथे तिची लीबाई झाली. त्यानंतर दर बुधवारी आपण जायचो आणि ती तिथे असायचीच. चहा कोणी ओतला की टेबलावर दोन बोटांनी टकटक करायची, म्हणजे आभार. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं ठेवायचं, हे तिनेच शिकवलं. तुम्ही तिला वेलदोडे नेऊन दिलेत. ती कँटोनीज बोलायची, तुम्ही मराठी. मी मध्ये बसून दोघींकडे बघायची आणि मला दोन्हीकडचं हसू कळायचं.

एकदा मी विचारलं, "आज काय म्हणत होत्या?"

"मुलाबद्दल सांगत होती. लांब असतो. येत नाही."

"तुम्हाला कसं कळलं?"

"अगं, जन्मभर ट्रंक कॉल जोडले. कानडी, गुजराती, मारवाडी, कोण कोण बोलायचं. भाषा नाही कळली तरी माणूस कशासाठी फोनवर आलाय ते आवाजावरून कळतं."

माझा आवाज तुम्ही तसाच ऐकत होतात, हे मला फार उशिरा लक्षात आलं. "तू इथे बसून वाळतेयस," तुम्ही म्हणायचात. "परत जा, नाहीतर शिकायला लाग." मी चिडायची. समीरला सोडून जाऊ? "सोडायला कोण सांगतंय? आमचे हे कोयनेला आणि मी कराडला, शनिवारी भेटायचो. काही बिघडलं नाही. उलट शनिवारी कधी भांडायला वेळच मिळाला नाही." मी म्हणायची, काकू, तेव्हाची गोष्ट वेगळी. तुम्ही म्हणायचात, प्रत्येकीला आपली गोष्ट वेगळीच वाटते. मग मी उलटून विचारायची, तुम्हाला कराडला जायचंय ते प्रसादला का नाही सांगत? त्यावर तुम्ही गाडीवालीला हाक मारायचात.

मला वाटायचं, नाहीच सांगणार. म्हणून तर मी तो विषय बिनधास्त काढायची.

आणि मग तुमच्या वाढदिवसाला तुम्ही प्रसादला म्हणालात, जेवण माझ्या चहाघरात, रविवारी, सगळ्यांनी. मला आणि समीरलाही बोलावलंत. रविवारची गर्दी, नंबर घेऊन दारात उभं राहिलो. टेबल मिळालं, बन आले, मुलांनी ते आवडीने खाल्ले. मृणालने फोटो काढले. आणि तुम्ही, जसं काही मीठ द्या म्हणताय अशा सुरात म्हणालात, "प्रसाद, मला कराडला जायचंय. राहायला."

प्रसादने काड्या खाली ठेवल्या. "आई, ग्रीन कार्डचं सगळं झालंय. आता कुठे जायचंय? इथे काय कमी आहे तुला?"

"काही कमी नाही रे. मला बोलायला लागतं."

"आम्ही बोलतो की."

"तुम्ही सांगता. फ्रिजमध्ये काय आहे ते सांगता, कधी येणार ते सांगता. बोलत नाही."

त्या एवढ्या गोंगाटात आपलं एकच टेबल गप्प झालं. प्रसादचे कान लाल झाले होते. तो वाईट मुलगा नाही काकू, तुम्हालाही ते माहीत होतं. तुमच्या गुडघ्यांसाठी त्याने खालच्या मजल्यावर खोली करून दिली होती. त्याला खरंच कळत नव्हतं की खोली आणि बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुढच्या बुधवारी मी तुमच्यावर तुटून पडले. कराडला एकट्या राहाल, काही झालं तर? "होणारच आहे, बाळा. मी काय अमरपट्टा घेऊन आलेय?" इथे दवाखाने आहेत, मुलगा आहे, भिंतीला कान लावून बसलेली मी आहे. तुम्ही चहाचा पेला खाली ठेवलात आणि सरळ माझ्याकडे बघितलंत.

"अनू, तुला माझी काळजी वाटतेय की तुझी?"

परतीच्या वाटेवर मी रस्त्यावरची नजर हटवली नाही. तुम्ही खिडकीबाहेर बघत गेलात. प्रश्न योग्य होता, पण उत्तर एकच नव्हतं. मला माझीही काळजी वाटत होती आणि तुमचीही. एकीची खरी असली म्हणून दुसरीची खोटी होत नाही. हे तेव्हा सुचलं असतं तर गाडीतच भांडले असते.

प्रसादने मात्र मनात धरलं की हे सगळं मी तुमच्या डोक्यात भरवलं. दर बुधवारी घेऊन जायची ना! मी तुम्हाला म्हटलं, त्याला खरं सांगा की मी थांबवत होते. तुम्ही हसलात. "असू दे गं. रागवायला त्याला कोणीतरी हवंच. माझ्यावर रागावला तर त्याला झोप लागायची नाही." आणि निघून गेलात. त्याचा राग माझ्या दारात ठेवून गेलात, काकू. तुम्हाला ते सोपं वाटलं असेल. भिंतीच्या अलीकडे मी राहत होते.

तुम्ही कराडला गेल्यावर मी एकदा एकटी गेले चहाघरात. एकट्या माणसाला कुठेही बसवतात. एका मोठ्या कुटुंबाच्या टेबलावर, एका कोपऱ्यात मला जागा दिली. आजोबा, सुना, लहान मुलं, सगळे एकमेकांच्या बशीत वाढत होते. लीबाई त्या दिवशी आली नव्हती. एका टोपलीत तीन बन येतात. मी एक खाल्ला, दोन डब्यात भरून घरी आणले आणि दुसऱ्या दिवशी टाकून दिले. पुन्हा गेले नाही.

फोनवर तुम्ही विचारलंत, "लीबाई भेटते का?" मी म्हटलं, मी जात नाही आता. तुम्ही केवढ्याने ओरडलात, "का? माझ्या तोंडाने जेवत होतीस का तू?" लाइन स्वच्छ होती, तरी तुम्ही ओरडत होतात. मागे कुकरची शिट्टी, कोणीतरी दार वाजवत होतं, कोणीतरी "काकू, आहात का?" म्हणत होतं. तुम्ही इतक्या आनंदात होतात की मला फोन लवकर ठेवावासा वाटला.

प्रसादचा तो फोन आला त्याच आठवड्यात माझं कामाच्या परवानगीचं कार्ड आलं. तुमचे दिवस चालू होते तेव्हाच मी एका छोट्या कंपनीत इंटरव्ह्यू दिला, आणि नोकरी लागली. समीरने पेढे आणले. नागपूरला आई फोनवर रडली. सगळ्यांना सांगून झालं, तरी काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. कोणीतरी "अगं बाई!" असं ओरडायचं राहिलं होतं.

प्रसाद कराडहून परत आला आणि एका संध्याकाळी आमच्या दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, हातात तुमच्या शेजाऱ्यांनी दिलेली चटणीची पिशवी. आत ये म्हटलं तर आला नाही. म्हणाला, "रविवारी मला तिथे नेशील? चहाच्या त्या जागी. गाडी मी चालवतो, तू रस्ता सांग."

आम्ही दोघंच गेलो. मी चहा ओतला. प्रसाद पेल्याकडे बघत म्हणाला, "कराडला आई आल्यागेल्याला असलाच चहा द्यायची म्हणे, बिनदुधाचा. लोक तोंड वाकडं करून प्यायचे." मला हसू आलं, त्यालाही आलं. आणि मग तो म्हणाला, "शेजारच्या शिंदेकाकू सांगत होत्या. आई सगळ्यांना तुझं सांगायची. अनू माझ्याशी भांडली, जाऊ नका म्हणून. तिच्याइतकं कोणी भांडलं नाही." पेला बाजूला सारत म्हणाला, "मला माहीतच नव्हतं. मी भांडलो नाही गं. मी नुसता रुसलो."

तेवढ्यात लीबाई आली. मुलीबरोबर आली होती, दुसऱ्या टेबलावर बसली होती. मला ओळखून काठी टेकत आली. माझ्या शेजारी बघितलं, मागे दाराकडे बघितलं, मग प्रसादच्या चेहऱ्याकडे. त्याचं नाक तुमच्यासारखं आहे, कपाळही. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तिने काहीतरी विचारलं. तिची मुलगी उठून इंग्रजीत सांगायला निघाली होती, पण त्याच्या आधी प्रसादच बोलला.

"आई गेली," तो म्हणाला. मराठीत.

आपल्या मुलांशीही जो घरात इंग्रजीत बोलतो तो तुमचा मुलगा त्या चिनी म्हातारीला मराठीत सांगत होता, "झोपेत गेली. मी नव्हतो तिथे. मला पोचायला दोन दिवस लागले." लीबाई त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. तिने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तिच्या भाषेत बोलायला लागली, हळू नाही, तिच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात. तो रडत होता आणि "हो, हो" म्हणत होता. मुलगी माझ्या शेजारी उभी होती. मी तिला विचारलं नाही की तिची आई काय म्हणतेय.

परत येताना हायवेला लागल्यावर प्रसादने विचारलं, "आईचं बरोबर होतं का गं?"

"त्यांना तिथे बरं वाटत होतं," मी म्हटलं. ते खरं आहे. फोनमध्ये मी स्वतः ऐकलंय. त्याने मान हलवली, आणि थोड्या वेळाने गाडीचा वेग जरा वाढवला.

पण काकू, मला अजूनही वाटतं की तुमचं चुकलं. तुम्ही इथे असतात, तर त्या दुपारी तुमचा आवाज आला नाही म्हणून मी भिंत वाजवली असती. धावत आले असते. कदाचित काही झालं नसतं, कदाचित झालं असतं. तुम्ही तिथे सुखात होतात हेही खरं, आणि तुम्ही जायला नको होतं हेही खरं. प्रसादला यातलं एकच पेलणार होतं, म्हणून त्याला तेवढंच दिलं. दुसरं माझ्यापाशी राहिलंय. उद्या कामाचा पहिला दिवस आहे, कपडे इस्त्री करून ठेवलेत, समीर लवकर झोपलाय. मी स्वयंपाकघरात बसून ते दुसरं खरं मोठ्याने म्हणून बघितलं. त्यावर तुम्ही नक्की आवाज चढवला असता. भिंतीपलीकडे सगळे हळू बोलत होते.